सायकलीचें पायडल

सायकल घ्यावयाची ठरली म्हणजे घरांत बरीच वाटाघाट होते. रंग कोणता, गिअर असावेत कीं नसावेत, दांडी आडवी कीं उतरती, कॅरिअर हवें कीं नको, या साऱ्यांचा विचार होतो. पायडलासंबंधीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. दुकानदारानें जें लावून दिलें तें निमूटपणें घरीं येतें. वास्तविक स्वाराचा व सायकलीचा संबंध तीनच ठिकाणीं येतो : मुठी, बैठक व पायडलें. बैठक टोंचली तर मनुष्य कुरकुरतो. पायडलावरून पाय निसटला तर नडगी सोलून निघते, आणि मागून मोटार येत असेल तर त्याहूनहि वाईट गत होते. म्हणून या उपेक्षित अवयवाविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

पायडल हें सायकलीला मागाहून लाभलेलें अंग आहे. १८१७ सालीं जर्मनींत कार्ल द्रायस यानें जी दोन चाकांची गाडी चालवून दाखविली, तिला पायडलें नव्हतीं. स्वार तिच्यावर बसून पायांनीं जमीन मागें रेटीत असे. पुढें १८६० नंतर पॅरिसमध्यें पुढच्या चाकाला पायडलें बसलीं, आणि १८८५ मध्यें इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यानें साखळीच्या योगें मागचें चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. आजची आपली सायकल तिचीच वंशज होय. सारांश, पायडलानें स्वाराचे पाय जमिनीवरून उचलले. परंतु शहरांत ते पुन्हां पुन्हां जमिनीवर टेकावेच लागतात. पुण्यांत सायंकाळीं लक्ष्मी रस्त्यानें जाऊन पाहावें. सिग्नल, रिक्षा, अकस्मात् उघडणारें मोटारीचें दार, यांमुळें पांच-सात वेळां तरी पाय खालीं येतोच. तेव्हां शहरी पायडलाची कसोटी दुहेरी आहे : पाय त्यावर असेतों घसरतां कामा नये, आणि काढावयाचा म्हणतांच निघाला पाहिजे.

प्रथम आपलें जुनें, रबरी ठोकळ्यांचें पायडल घेऊं. तें नवें असतां चपलेस व बुटास सारखेंच मानवतें आणि नडगीस लागलें तरी जखम करीत नाहीं. त्याचा दोष एकच : रबर मधोमध झिजून गुळगुळीत होतें, आणि मग पावसाळ्यांत चामड्याच्या तळाची चप्पल त्यावर ठरत नाहीं. मृगाच्या आधीं आपण छत्र्या दुरुस्त करून घेतों. त्याच फेरींत पायडलांवरूनहि एकदां हात फिरवावा.

दुसरा प्रकार दांतेरी कडांच्या धातूच्या पायडलाचा. ओल्या बुटास तें उत्तम धरतें. पण मऊ चपलेंतून त्याचे दांत तळव्यास जाणवतात. तिसरें, अलीकडे स्वस्त सायकलींना बहुधा येणारें, प्लॅस्टिकचें. तें हलकें खरें; परंतु पृष्ठ सपाट असल्यास भिजतांच निसरडें होतें. चौथें, रुंद सपाट धातूचें, वर बारीक खिळे असलेलें. याची पकड सर्वांत घट्ट. तथापि पाय चुकल्यास तेच खिळे नडगी फाडतात. नित्याच्या वापरास खिळे आंखूड असलेलेंच घ्यावें.

राहिलें तें बुटास खटक्यानें जखडणारें पायडल. फ्रान्समधील ‘लूक’ या स्कीचीं बंधनें करणाऱ्या कंपनीनें तें १९८४ सालीं बाजारांत आणलें, आणि पुढच्याच वर्षीं बर्नार्ड इनॉ यानें तें वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. तेव्हांपासून शर्यतवाल्यांनीं तें आपलेंसें केलें, व आतां हौशी तरुण शहरांतहि तें लावूं लागले आहेत. ‘वर येणारा पाय पायडल ओढतो, म्हणून जोर वाढतो’, असें त्याचें समर्थन ऐकूं येतें. परंतु पायडलांवरील दाब यंत्रानें मोजतां असें दिसून आलें आहे कीं, सामान्य गतीनें चालवितांना वर येणारा पाय फारसा ओढीत नाहींच. पुढें नेतो तो खालीं दाबणारा पाय. मग मंडईंत भाजी आणावयास जाणाऱ्यानें टांच वळवून पाय सोडविण्याची विद्या कां शिकावी, हें आम्हांस उमगत नाहीं.

निवड करतांना घरांतील माणूस व त्याची वाहाण डोळ्यांपुढें ठेवावी. चपलेचा तळ लवतो, म्हणून चप्पल घालणारास पायडल रुंद हवें. मुलांस लहान चालेल, पण गुळगुळीत नको. वडील माणसांच्या बाबतींत तर हयगय करूंच नये. उतारवयांत पाय घसरून एकदां पडलेला मनुष्य बहुधा पुन्हां सायकलीवर बसत नाहीं. हाडाबरोबर त्याची धिटाई मोडते, आणि सकाळची फेरी, मित्रांकडे जाणेंयेणें, सारेंच आटतें. थोड्या रुपयांच्या जिनसेपायीं हें घडूं द्यावें काय?

विकत घेतांना पायडल हातानें फिरवून पाहावें. खरखर नसावी व बाजूस डुगडुग नसावी. आंत छर्रे आहेत कीं नाहींत, तें विचारावें. पुढच्या-मागच्या कडांस पिवळसर चकाकत्या पट्ट्या असाव्या. रात्रीं त्या खालींवर हलतांना दिसल्या म्हणजे मागील मोटारवाला सायकल तात्काळ ओळखतो.

बसवितांना एक गोष्ट ध्यानांत धरावी. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पायाचा दाब आंसाभोंवतीं सारखा फिरत राहिल्यानें सरळ आट्यांचें डावें पायडल चालतां चालतां सैल होत जातें, म्हणून ही योजना. ‘एल्’ म्हणजे डावें व ‘आर्’ म्हणजे उजवें, अशीं अक्षरें आंसावर कोरलेलीं असतात. पाना उभा धरून वरचें टोंक पुढच्या चाकाकडे ओढलें कीं दोन्हीं बाजूंस पायडल घट्ट होतें. मागच्या चाकाकडे ओढलें कीं सैल. प्रथम हातानेंच फिरवावें, आट्यांस ग्रीस लावावें, आणि अडल्यास जोर करूं नये. क्रँकचे आटे गेले तर क्रँकच बदलावी लागते.

घरोघरीं सायकल पुन्हां येऊं लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. या रविवारीं ती अंगणांत वा जिन्याखालीं उभी असतां, पायडलांवर ओला अंगठा दाबून पाहावा. तो सरकला, तर त्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीं तें बदलावें.