धारणीत एअर रायफल बाळगताना

शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंच (४.५ मि.मी.) बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा.

नवख्याने स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल घ्यावी. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्या पुढे ढकलते आणि दाबलेली हवा छर्रा फेकते. छर्रा न भरता चाप ओढू नका. हवेची गादी मिळत नाही, दट्ट्या थेट आदळतो आणि सील फाटते. दट्ट्याच्या नळकांड्यात साधे तेल सोडलेत तर दाबाने ते पेट घेते. नेम चुकू लागला की आधी दस्त्याचे स्क्रू तपासा, बहुतेकदा तेच ढिले झालेले असतात. या रायफलीचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, म्हणून दुर्बीण एअर रायफलसाठीच बनवलेली घ्या. छर्रे दोन-तीन प्रकारचे वापरून पाहा. प्रत्येक नळीला वेगळा मानवतो.

मुंबईच्या अंजली भागवत सिडनी ऑलिंपिकच्या (२०००) अंतिम फेरीत पोहोचल्या, त्या १० मीटर एअर रायफलमध्येच. तेवढे अंतर घरच्या आवारातही मिळते; मागे मातीची भिंत हवी.

धारणी मात्र मेळघाटात आहे आणि तिथे अभयारण्य आहे. वन्यजीव कायदा १९७२ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीविना शस्त्र नेणे गुन्हा आहे. पाखरांवर नेम धरू नका, कागदावरच धरा.