इयरफोनच्या किमतीत आवाजाचा वाटा किती?

चीनमधल्या चेंगडू शहरातल्या मूनड्रॉप या कंपनीने २०२२मध्ये 'चू' नावाचा वायरचा इयरफोन सुमारे २० डॉलरला बाजारात आणला. अमेरिकेतल्या '६४ ऑडिओ' कंपनीचा 'यू१८टी' त्याच काळात जवळपास ३,००० डॉलरला मिळत होता. त्याच्या प्रत्येक बाजूत आवाज निर्माण करणारे तब्बल १८ ड्रायव्हर बसवलेले आहेत. दोघांचे काम एकच, कानाच्या नळीतली हवा हलवणे. किमतीत दीडशे पटींचा फरक असेल तर आवाजातही मोठा फरक असणार, असे कोणालाही वाटेल. जमलेला पुरावा मात्र वेगळे सांगतो. इन-इयर प्रकारात चांगला आवाज आता स्वस्त झाला आहे आणि वरच्या किमतीत जे विकले जाते त्यात आवाजाचा वाटा थोडाच आहे.

हा प्रकार काही श्रीमंतांच्या हौसेतून जन्मलेला नाही. त्याचे मूळ श्रवणयंत्रांत आहे. तारेच्या गुंडाळीतून वीज वाहू लागली की चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तोलून धरलेली चिमुकली पट्टी थरथरते आणि तिला जोडलेला पडदा हलतो. 'बॅलन्स्ड आर्मेचर' म्हणतात तो हाच ड्रायव्हर. मीड किलियन यांनी १९८३मध्ये स्थापन केलेल्या एटिमोटिक रिसर्चने तो वापरून १९९१मध्ये 'ईआर-४' हा इयरफोन आणला. १९९५मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचे मॉनिटर घडवले. रंगमंचावरच्या गदारोळात स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून मॉनिटर स्पीकरचा आवाज कानाला इजा होईल इतका वाढवावा लागे, ही अडचण त्यातून सुटणार होती. या कामातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. तेव्हाच्या किमतीला सरळ कारण होते: भाग महाग, गिऱ्हाईक मोजके, प्रत्येक जोड हाताने घडवलेला आणि जुळणी जाणत्या माणसाच्या कानावर अवलंबून.

यातले शेवटचे कारण आता जवळपास संपले आहे. उघड्या कानाच्या नळीत सुमारे ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज नैसर्गिकपणे वाढतो. इयरफोनने नळीचे तोंड बुजवले की ही वाढ नाहीशी होते आणि ती इयरफोनलाच परत भरून द्यावी लागते. ती कमी पडली तर गळा दबल्यासारखा वाटतो. जास्त झाली तर तोच गळा बोचतो. तानपुऱ्याची जवारी किती उमलून ऐकू येते, हेही वरच्या स्वनांचा तोल कसा राखला आहे यावरच ठरते. हा तोल साधणे म्हणजे ट्यूनिंग. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२पासून पुढे श्रोत्यांवर पद्धतशीर चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुसंख्यांची पसंती एकाच प्रकारच्या तोलाभोवती एकवटलेली दिसली. काहींना बेस थोडा जास्त हवा होता, काहींना थोडा कमी. हा तोल ट्यूनिंगचे लक्ष्य म्हणून जाहीर झाला. त्याच सुमारास कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या, १९८१च्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेल्या मोजणीयंत्राच्या चिनी नकला अगदी कमी किमतीत मिळू लागल्या. जे ज्ञान मोठ्या प्रयोगशाळांपुरते होते ते छोट्या कारखान्यांच्या आणि हौशी समीक्षकांच्या टेबलावर आले.

किमतीचे आणि या तोलाचे नाते तपासलेही गेले आहे. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७मध्ये २८३ हेडफोनच्या मोजण्या त्यांच्या बाजारभावाशी ताडून पाहिल्या, त्यांत इन-इयरही होते. दोहोंत काही संबंध आढळला नाही. मग महागडा इयरफोन लावताच आवाज खुलल्यासारखा का वाटतो? याचे उत्तर स्पीकरवरच्या एका जुन्या प्रयोगात सापडते. फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा दिलेले गुण बदलले. यात श्रोत्यांची लबाडी नव्हती. डोळ्यांना जे ठाऊक असते, त्याचा रंग ऐकण्यावर चढतोच.

जाणकार रसिक यावर आक्षेप घेतात की मोजणीच्या आलेखात सगळे मावत नाही. बारकावे, वाद्यांमधली मोकळी जागा, तालवाद्याच्या थापेचा नेमकेपणा त्यात कुठे दिसतो? आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण इयरफोनसारख्या छोट्या यंत्रात काळाशी निगडित वर्तन बहुतेक वेळा फ्रिक्वेन्सीच्या वर्तनाशी बांधलेले असते. एक सुधारले की दुसरेही सुधारते. ऐकण्याच्या नेहमीच्या पातळीला विकृतीचे प्रमाणही चांगल्या स्वस्त इयरफोनमध्ये कानाला जाणवण्याच्या खालीच राहते. मोजणीची खरी मर्यादा वेगळ्या जागी आहे. सुमारे ८,००० हर्ट्‌झच्या वर काय ऐकू येईल, ते इयरफोन नळीत किती खोल बसला आणि ती नळी कोणाची आहे यावर ठरते. त्यामुळे एकच जोड दोघांना वेगळा वाटू शकतो. म्हणजे जो फरक उरतो तो कानाकानातला आहे, आणि तो भरून काढायला कानात नीट बसणारी टिप व थोडे इक्वलायझर बऱ्याचदा पुरते. मापाचे मॉनिटर वापरणाऱ्या वादकाचा खर्चही याच कारणाने रास्त ठरतो: घट्ट बसणे आणि बाहेरचा गोंगाट अडवणे ही त्याची कामाची गरज आहे.

बाजाराची आजची अवस्था याच्याशी जुळते. अ‍ॅपलने २०१६मध्ये आयफोन ७मधून हेडफोनचा जॅक काढला, २०१९मध्ये एअरपॉड्स प्रो आणले आणि मधल्या किमतीचे वायरचे गिऱ्हाईक ब्लूटूथकडे वळले. झेनहायझरसारख्या जर्मन घराण्याने आपला ग्राहक-विभाग सोनोव्हा या श्रवणयंत्रे बनवणाऱ्या स्विस कंपनीला विकला. व्यवहार २०२२मध्ये पुरा झाला. वायरच्या उत्पादकांसमोर दोन वाटा उरल्या. तळाला चिनी कंपन्यांशी भावात झुंजायचे, नाहीतर शिखरावर मोजक्या धनिकांना दुर्मीळ वस्तू विकायची. तळाशी जिंकणे अवघड, म्हणून शिखर उंचावत गेले. तिथे ड्रायव्हरची संख्या, विरळ धातू आणि चांदीच्या तारा मोठ्या अक्षरांत छापल्या जातात, कारण या गोष्टी दाखवता येतात.

यावर शेवटचा प्रश्न असा की, ज्याला परवडते त्याने घेतले तर बिघडले काय? काहीच नाही. पैठणी कोणी ऊब मिळावी म्हणून घेत नाही. विणकराचा हात, वस्तूचा देखणेपणा आणि ती आपल्याजवळ असल्याचा आनंद यांचे मोल असते. इयरफोनच्या कारागिरालाही ते मिळावे. तक्रार आहे ती कारागिरीचे मोल आवाजाच्या नावाने वसूल करण्याबद्दल. त्यातून कमी पैशांत ऐकणाऱ्याच्या मनात आपण काहीतरी हुकवतो आहोत अशी खंत पेरली जाते, आणि ती निराधार आहे. लाखाचा इयरफोन अधिक चांगला ऐकवतो असा ज्याचा दावा असेल, त्याने तो नाव झाकून, समान आवाजपातळीवर, दोन हजारांच्या चांगल्या जोडासमोर ठेवावा. तोवर विकत घेणाऱ्याने किमतीच्या चिठ्ठीला आवाजाचा पुरावा मानू नये.