अतिक्रियाशीलता : नसांचा हुकूम पुसला गेला नाही तर?

एक नस दुसऱ्या नसेला निरोप देते. तो निरोप थांबेनासा झाला की जे होतं, त्याला अतिक्रियाशीलता म्हणतात. आपल्याकडे हा शब्द बहुधा वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलांपुरता ऐकू येतो. त्यामुळे त्याचा अर्थ जास्तीचा जोम असाच डोक्यात बसलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली मात्र अतिक्रियाशीलतेनंच धडधाकट माणसं आडवी केली.

त्या वर्षीच्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर उलट्या, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येत राहिले. शेकडो जणांना बाधा झाली, जिल्ह्यात किमान 20 जण दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, बोंडअळीची धास्ती. फवारा पिकावर कमी आणि तोंडावर जास्त, त्यात दोन-तीन कीटकनाशकं एकाच पंपात कालवलेली.

त्यांतली मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं आणि स्नायूला आखडायला सांगतं, ग्रंथीला पाझरायला. (नसा रसायनांतून बोलतात हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं, त्यासाठी 1936 चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.) हुकूम दिला की तो लगेच पुसावाही लागतो. ते काम कोलिनेस्टरेज हे विकर करतं. ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं या विकरालाच जखडतं. अळी त्यानंच मरते, आणि या बाबतीत माणसाच्या नसा अळीहून फार वेगळ्या नाहीत.

मग घाम, लाळ, अश्रू वाहत राहतात, डोळ्याची बाहुली बारीक होते, स्नायू त्वचेखाली फडफडतात, छाती स्रावानं भरते. हृदय मात्र अनेकदा मंदावतं, कारण तिथे ॲसिटिलकोलीनचा हुकूमच 'हळू' असा असतो. सतत हुकूम झेलणारे स्नायू शेवटी दाद देईनासे होतात आणि श्वास अडतो. म्हणजे 'अति' हे माप निरोपाचं आहे, ताकदीचं नव्हे. डॉक्टरांच्या कागदावर हा शब्द दिसला तर कोणत्या नसांची अतिक्रिया, हे आधी विचारावं.

ॲट्रोपिन स्राव आवरतं, हृदयाचा वेग सावरतं. स्नायूंवर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून बरा वाटणारा रुग्णही एक ते चार दिवसांत मान उचलता न येण्याइतका अशक्त होऊ शकतो, श्वासासाठी यंत्र लागू शकतं. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं की विषबाधा किती, याचा अंदाज येतो. ती साधी चाचणी त्या हंगामात यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात होत नव्हती, हे पुढे चौकशीत नोंदलं गेलं. मला ही गोष्ट त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत अक्षम्य वाटते.

फवारताना कुणाला घाम सुटून मळमळू लागलं तर 'ऊन लागलं असेल' म्हणून बांधावर निजवू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि कीटकनाशकाचा डबा लेबलासकट दवाखान्यात घेऊन जा. सुट्टी मिळाल्यावरही चार दिवस त्याला एकटं सोडू नका.