न संपणारा सप्टेंबर

येत्या १४ सप्टेंबरला गणपती बसतील आणि त्याच दिवशी 'मायबोली' या मराठी संकेतस्थळाला तिथीनं तीस वर्षं पूर्ण होतील. १६ सप्टेंबर १९९६, गणेश चतुर्थी, हा तिचा जन्मदिवस. वाढदिवस म्हटला की आकडे येतात: सभासद किती, धागे किती, रोज डोकावणारे किती. मला त्या आकड्यांत फारसा रस नाही. गप्पांची जागा वाढते म्हणजे नेमकं काय होतं, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना मला ती जिथे सुरू झाली त्या अमेरिकेआधी माझं गाव कापडे आठवतं.

पोलादपूर तालुक्यातलं आमचं कापडे वर्षातले बरेच दिवस म्हाताऱ्यांचं आणि कुलुपांचं असतं. गणपतीत ते भरतं. लालबागहून, दिव्याहून, नालासोपाऱ्याहून माणसं येतात, त्यांत नव्यानं आलेल्या सुना असतात, पहिल्यांदाच गाव पाहणारी पोरं असतात. आरतीला कोणी कुठे उभं राहायचं, आधी कोणाच्या घरी जायचं, कुणाला काका म्हणायचं आणि कुणाला आजा, हे त्यांना माहीत नसतं. दोन दिवस चुकतात, ओरडा खातात, गौरी जाईपर्यंत शिकतात. मग परततात आणि गाव पुन्हा आपल्या चालीनं चालू लागतं.

इंटरनेटवरच्या जुन्या चर्चांमध्येही हेच व्हायचं. वेब घरोघरी पोचण्याआधी 'यूझनेट' हे चर्चागटांचं जाळं होतं. दर सप्टेंबरला अमेरिकेतली कॉलेजं उघडायची, नव्या विद्यार्थ्यांना खाती मिळायची आणि ते बावळट प्रश्न विचारत चर्चांत घुसायचे. जुने लोक दटावायचे, महिन्याभरात पोरं सुधारायची. १९९३ नंतर 'अमेरिका ऑनलाइन'सारख्या कंपन्यांनी घरगुती ग्राहकांना हे दार उघडून दिलं. मग लोंढा थांबलाच नाही. शिकवणारे थोडे आणि शिकायचे ते रोज नवे. त्या काळाला जुन्या मंडळींनी नाव दिलं, न संपणारा सप्टेंबर. म्हणजे बारा महिने गणपती, आणि विसर्जन नाहीच.

यूझनेटवर मराठीचाही एक गट होता, सॉक.कल्चर.इंडियन.मराठी. तिथे मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागे. न आणि ण एकच, ळ वाचणाऱ्यानं समजून घ्यायचा. त्याच काळात अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी मायबोली सुरू केली. परदेशात एकट्यादुकट्या पडलेल्या मराठी माणसांना बोलायला ओसरी हवी होती, ती मिळाली. पुढे देवनागरी आली आणि तिच्याबरोबर एक स्वतंत्र बोलीच तयार झाली. चर्चेचा 'बाफ', म्हणजे बातमी फलक. 'विपू', म्हणजे विचारपूस. 'गटग', म्हणजे गेट-टुगेदर. पावसाळी सहलीचा 'ववि'. वेबमास्तर ते 'वेमा'. खोट्या नावानं दुसऱ्यांदा आलेला तो 'डुआयडी'. आणि नुसतं वाचणारा, कधीच न लिहिणारा, तो 'रोमात'. एखाद्या जागेची अशी स्वतःची भाषा झाली की ओळखावं, इथे माणसं नांदायला लागली आहेत. सभासदांच्या आकड्यापेक्षा माझा या खुणेवर जास्त विश्वास आहे.

आता थोडं यंत्रणेबद्दल. अशा जागी ज्या धाग्यावर शेवटचा प्रतिसाद पडतो तो धागा यादीत वर येतो. या साध्या नियमात अर्धं समाजशास्त्र आहे. भांडण वर राहतं, कारण भांडणाला उत्तर द्यावंच लागतं. उत्तम लेखाला तीन जण 'छान' म्हणतात आणि तो बुडतो. पण बुडाला तरी हरवत नाही. दहा वर्षांनी कोणीतरी अळूच्या फदफद्याची कृती शोधतं आणि तो धागा गाळातून वर येतो, मूळ लेखिकेला विसर पडलेला असतानाही.

वाढ होते ती फुटण्यातूनही. 'मनोगत' हे संकेतस्थळ २००४चं, शुद्धलेखनाबाबत काटेकोर. तिथली शिस्त ज्यांना जाचली त्यांतले बरेच जण २००७ साली तात्या अभ्यंकरांच्या 'मिसळपाव'वर गेले आणि 'काथ्याकूट' करत बसले. २०११ला 'ऐसी अक्षरे' आलं, तिथेही बरेचसे चेहरे जुनेच. याला कोणी मराठी माणसाची फाटाफूट म्हणेल. म्हणू द्या. आमच्याकडे भावकी भांडली की दुसरं मंडळ निघतं, आणि दोन्ही मंडळं आधीपेक्षा जास्त वर्गणी गोळा करतात.

वर्गणीवरून गावकीची खोली आठवली. गिरणगावातल्या चाळींमधून कोकणातल्या, घाटावरच्या गावांच्या सामाईक खोल्या असत. पंधरा-वीस गडी पाळीपाळीनं झोपायचे. महिन्याला सभा. कोण बोललं, काय ठरलं, कोणाला किती दंड, सगळं वहीत. गावच्या देवळाचा पत्रा असो की कोणाचं मयत, पैसा आणि निर्णय त्या दहा बाय बाराच्या खोलीतून जायचा. बायकांना तिथे जागा नव्हती, हेही लिहायला हवं. मायबोलीवर बाई टोपणनावानं सासरबद्दल, नोकरीबद्दल, दुखण्याबद्दल लिहू शकली, तिथे बायकांचा स्वतंत्र 'संयुक्ता' गट झाला. त्या वहीत असं एकही पान सापडायचं नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे खोल्या रित्या होत गेल्या. माणसं डोंबिवली, दिवा, विरारला पांगली. त्यांना पुन्हा एकत्र आणलं ते व्हॉट्सअ‍ॅपनं. आमचा गावचा ग्रुप २५६ वर भरला तेव्हा दुसरा काढावा लागला. २०२२ला कंपनीनं मर्यादा १०२४ केली. माणसं जमली, पण वही आली नाही. मागच्या शिमग्याला पालखीचा मार्ग काय ठरला होता ते ग्रुपवर शोधून दाखवा. सुप्रभाताच्या फुलांखाली गाडलेलं आहे.

ग्रुपवरची २२ जुलै २०२१ची रात्र विसरता येत नाही. महाडमध्ये तळिये, आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी, दरडी कोसळल्या. महाड पाण्यात, रस्ते बंद, वीज नाही, फोन लागेनात. ग्रुपवर त्या रात्री शेकडो संदेश होते आणि सगळे मुंबईचे. दुसरीकडच्या दरडींची जुनी चित्रं फिरत होती. गावातून एक अक्षर नव्हतं. बोलणारे अमाप, सांगणारा कोणी नाही. त्याआधी तीन वर्षं, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, तेव्हा अशाच पुढे ढकललेल्या अफवा मुळाशी होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतापुरतं संदेश पुढे ढकलणं एका वेळी पाच चॅटवर आणलं. लोंढ्याला असा बांध घालावा लागतो. यूझनेटवर दटावणारी माणसं होती, इथे ते काम मोजणीवर सोपवलं.

जेकब निल्सन या अभ्यासकानं २००६ला एक ढोबळ हिशोब मांडला: इंटरनेटवरच्या अशा जागी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जणच बहुतेक सगळं लिहितो. पुष्कळांना हे निराशाजनक वाटतं. मला उलट वाटतं. खोलीतल्या सभेतही बोलणारे दोन-तीनच असत, बाकीचे सतरंजीवर भिंतीला टेकलेले. पण पुढल्या महिन्यात कोणी शब्द फिरवला की त्यांतलाच एखादा म्हणायचा, "नाय दादा, गेल्या टायमाला तू असा नव्हता बोलला." रोमातली माणसं म्हणजे त्या जागेची आठवण. ती टिकली तर नवा येणारा शिकतो, नाहीतर रोज सप्टेंबर. मायबोली तीस वर्षं तगली ती लिहिणाऱ्यांइतकीच या मुक्या मंडळींमुळे, असं मी म्हणतो. हे सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नाही, पण हट्ट आहे.

आमच्या गावकीच्या खोलीच्या वह्या कुठे आहेत, हे मी गेली दोन वर्षं विचारतो आहे. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली असतील तर यंदा गणपतीला येताना घेऊन या. वाळवी लागलेल्या असल्या तरी चालतील. गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात बसून मी पानापानाचे फोटो काढणार आहे.