मूत्रपिंडांतील एक सोबती प्रथिन

आपलीं दोन मूत्रपिंडें दररोज सुमारें 180 लिटर द्रव रक्तांतून गाळून काढितात. परंतु मूत्ररूपानें बाहेर पडतो तो अवघा दीड लिटर. यावरून दिसून येईल कीं, मूत्रपिंडाचें काम केवळ गाळण्याचें नसून, गाळलेल्यांतून उपयोगाचें तें परत घेण्याचेंही आहे. त्या द्रवांत रोज एक किलोहून अधिक मीठ असतें. तें सगळें वाहून गेलें, तर मनुष्य दिवसभरही जगणार नाहीं. तें परत कसें येतें, आणि एका चिमुकल्या प्रथिनावांचून हें काम कसें अडतें, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लाख सूक्ष्म नलिका असतात. प्रत्येक नलिका एके ठिकाणीं खालीं उतरून पुन्हा वर वळते. वर चढणाऱ्या जाड भागांत गाळलेल्या मिठापैकीं सुमारें चतुर्थांश मीठ परत घेतलें जातें. मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे सोडियम व क्लोराइड असे विद्युद्भारित कण होतात. त्यांस आयन म्हणतात. पेशीचें आवरण स्निग्ध पदार्थाचें असतें. तेलांत मीठ विरघळत नाहीं, त्याप्रमाणेंच आयनही या आवरणांतून आपोआप जाऊं शकत नाहींत. त्यांस वाट लागते. प्रथिनाच्या बनलेल्या अशा वाटेस आयनवाहिनी म्हणतात.

नलिकेच्या बाजूनें मीठ पेशींत शिरतें. तेथून सोडियम पंपासारख्या प्रथिनाच्या योगें रक्ताकडे ढकलला जातो, व क्लोराइड के-ए आणि के-बी नांवाच्या दोन वाहिन्यांतून, विशेषतः के-बींतून, बाहेर पडतो. तो बाहेर पडला नाहीं तर नवें मीठ आंत घेणेंही थांबतें.

परंतु या वाहिन्या एकट्या काम करीत नाहींत. त्यांच्या जोडीस बार्टिन नांवाचें 320 अमिनो आम्लांचें प्रथिन लागतें. बार्टिन स्वतः वाट नव्हे. मात्र तें वाहिनीस पेशीच्या आवरणापर्यंत पोहोंचवितें, व तेथें तिला कार्यक्षम ठेवितें. कालव्याचें दार लोहारानें कितीही उत्तम घडविलें, तरी तें भट्टीपाशींच पडून राहिलें, तर शेतास त्याचा काय उपयोग?

सन 1962 मध्यें फ्रेडरिक बार्टर या अमेरिकन वैद्यानें, ज्यांत मूत्रपिंडाचा क्षार राखण्याचा गुण बिघडतो असा रोग वर्णिला. पुढें त्याचे अनेक प्रकार आढळले. त्यांपैकीं एकांत बालक बहुधा अपुऱ्या दिवसांचें जन्मतें, त्याच्या लघवीवाटे मीठ व पाणी वाहून जातें, आणि तें जन्मतः बहिरेंही असतें. मूत्रपिंडाचा आणि कानाचा संबंध काय? हें कोडें 2001 मध्यें सुटलें. बिघडलेलें जनुक सांपडलें. आणि त्याच वर्षीं जर्मनींतील थॉमस येंच व त्यांचे सहकारी यांनीं बेडकाच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, बार्टिन जोडीस दिल्यावरच या वाहिन्यांतून नीट प्रवाह वाहतो.

अंतःकर्णांत शंखासारखा वळणदार अवयव आहे. त्यांतील द्रवांत पोटॅशियम भरपूर असेल तरच नीट ऐकूं येतें. तो पोटॅशियम पुरविणाऱ्या पेशींसही याच दोन वाहिन्या लागतात. एकटी के-बी बिघडली, तर कान के-एवर निभावून नेतो. मूत्रपिंडांतून मात्र मीठ जातें व रोग होतो, पण बहिरेपणा येत नाहीं. बार्टिन निकामी झालें, तर दोन्ही वाहिन्या एकदम बंद पडतात, आणि दोन्ही अवयव सांपडतात.

हा रोग अगदीं विरळा आहे, व त्यास समूळ घालविणारें औषध नाहीं. तरी पाणी व क्षार पुरवून, आणि वैद्याच्या देखरेखीखालीं औषधें देऊन, बालकास वांचवितां येतें. कानांत यंत्र बसवून ऐकूंही येऊं शकतें. पालकांनीं मात्र एक गोष्ट ध्यानांत धरावी. सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही आलें तरच हा रोग होतो. ते स्वतः निरोगी असतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून गर्भारपणीं आईनें काय खाल्लें, काय केलें, अशी चौकशी करून तिला दोष देणें अन्यायाचें आहे. तो वेळ बालकाच्या तपासणींत घालवावा, हेंच शहाणपणाचें.