हुबेहूब गाण्याचा प्रश्न : कोल पोर्टरची गाणी आणि नवे गळे

गेल्या वर्षी आमच्या सांगलीतल्या एका दिवाळी पहाटेला वीस-बावीस वर्षांची एक मुलगी जुने भावगीत गायला बसली. ध्रुवपद नेहमीसारखे झाले. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र तिने लय किंचित सैल केली, एका शब्दावर थांबली आणि ओळ वेगळ्याच सुरावर सोडली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाळ, मूळ चालीत म्हण. आम्ही ते ऐकायला आलोय." टाळ्या पडल्या. तिने मान डोलावली आणि तोच अंतरा पुन्हा, रेकॉर्डबरहुकूम म्हटला. या वेळी वन्समोअर मिळाला.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. घरी येऊन फराळाला बसले, तरी तिचा तो थांबलेला शब्द डोक्यातून जाईना.

मी संगीताची पदवीधर नाही. सहकारी बँकेत खतावण्या लिहिता लिहिता जुन्या तबकड्या जमवल्या, पाश्चात्त्य स्वरलेखन पुस्तकांवरून शिकले. तबकड्या जमवणाऱ्याला एक खोड लागते. पहिले ध्वनिमुद्रण तेवढे खरे, बाकी सगळी नक्कल, असे त्याला वाटू लागते. माझी ही खोड मोडली नाही, पण सैल झाली ती एका अमेरिकी चित्रपटामुळे. 'डी-लव्हली' हा २००४ सालचा चित्रपट, दिग्दर्शक आयर्विन विंकलर. कोल पोर्टर या गीतकार-संगीतकाराचे हे चरित्र, आणि त्याची १९२० ते १९५० च्या दशकांतली गाणी त्यात रॉबी विल्यम्स, अलानिस मॉरिसेट, शेरिल क्रो, एल्व्हिस कॉस्टेलो, डायना क्रॉल, नॅटली कोल अशा आजच्या गायकांनी जुन्या काळचे पोशाख घालून, पडद्यावर येऊन गायली आहेत. प्रथम पाहिला तेव्हा मी नाक मुरडले होते. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की माझी फूटपट्टीच इथे लागू नव्हती.

अमेरिकेत ज्याला 'स्टँडर्ड' म्हणतात, ते गाणे कुणा एकाच्या गळ्याचे नसते. पोर्टरच्या उमेदीच्या काळात गाणे नाटकात गायले जाई आणि छापील कागदावर विकले जाई. लोक तो कागद घरी नेऊन पियानोवर वाजवत. कागदावर चाल, शब्द आणि साथीचा सांगाडा असे. पट्टी, लय, वाद्यमेळ हे सारे ज्याने त्याने ठरवायचे. 'नाइट अँड डे' हे गाणे १९३२ साली 'गे डिव्होर्स' या नाटकात फ्रेड अस्टेरने प्रथम गायले. १९४२ साली ते तरुण फ्रँक सिनात्राने ध्वनिमुद्रित केले, पुढे अनेकदा केले, आणि १९७७ साली तर डिस्को ठेक्यावर केले. यांतले मूळ कोणते, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. मूळ आहे तो कागद.

कायद्यानेही याला हातभार लावला. १९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार एखादे गाणे एकदा परवानगीने ध्वनिमुद्रित झाले, की दर प्रतीमागे दोन सेंट भरून ते कुणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शके. चित्रपटात वापरायचे तर प्रकाशकाची वेगळी परवानगी लागते. पण नव्याने गाण्याची वाट शंभर वर्षांपूर्वीच मोकळी झाली होती.

आता 'डी-लव्हली'कडे. नव्या गायकांचा तिथे उपयोग काय, हे समजायला पोर्टरचे आयुष्य थोडे ठाऊक हवे. जन्म १८९१, इंडियाना राज्यातल्या पेरू गावी. १९१९ साली लिंडा ली थॉमसशी लग्न. दोघांमध्ये खरा जिव्हाळा होता, आणि पोर्टर समलिंगी होता. त्या काळात हे उघड बोलणे शक्य नव्हते. १९३७ साली घोड्यावरून पडून त्याचे दोन्ही पाय चिरडले. १९५४ साली लिंडा गेली. १९५८ साली त्याचा उजवा पाय कापावा लागला आणि त्यानंतर त्याने गाणे रचले नाही. १९६४ साली तो वारला. हॉलिवुडने १९४६ सालीच त्याच्यावर 'नाइट अँड डे' नावाचा चित्रपट काढला होता. नायक कॅरी ग्रँट, पोर्टर स्वतः हयात, आणि खऱ्या आयुष्यातले नाजूक असे सारे गाळलेले.

म्हणजे ही गाणी एका लपून जगणाऱ्या माणसाने लिहिली होती, आणि ती ऐकणाऱ्यांना ते माहीत नव्हते. नव्या चित्रपटाने नेमके हे हेरले. 'लव्ह फॉर सेल' हे १९३० सालचे गाणे देह विकणाऱ्या स्त्रीच्या तोंडी आहे. नाटकात ते आधी गोऱ्या नटीने गायले. ओरड झाली, तेव्हा प्रसंग हार्लेममध्ये हलवून ते कृष्णवर्णीय गायिकेला दिले गेले. रेडिओने त्याचे शब्द ऐकवायचे नाकारले. 'डी-लव्हली'त ते व्हिव्हियन ग्रीन गाते, आणि भोवती असतो पुरुष पुरुषांना भेटायला येतात असा रात्रीचा क्लब. गाणे तेच, पण ते कुणाबद्दल आहे हा प्रश्न अचानक उघडा पडतो. १९३० सालची तबकडी लावून हे साधले नसते. तिच्या खरखरीबरोबर आपण आपोआप 'जुना काळ' ऐकायला लागतो, शब्द मागे पडतात.

दुसरा प्रसंग 'नाइट अँड डे'चा. तालमीत जॉन बॅरोमनने रंगवलेला गायक कुरकुरतो की हे गाणे गाण्यासारखेच नाही. त्याची तक्रार खोटी नाही. आरंभी एकच सूर पुन्हा पुन्हा येतो, आणि मग चाल लांबवर हिंडते. पोर्टर त्याला शेजारी उभा राहून गाण्यात उतरवतो. पोर्टरच्या भूमिकेतला केविन क्लाइन स्वतः रंगभूमीवरचा नावाजलेला गायक-नट. पण पोर्टरचा गळा बेताचा होता, म्हणून क्लाइनने आपला आवाज मुद्दाम आवरला आणि आपली गाणी चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायली. त्यामुळे एकाच चित्रपटात दोन तऱ्हा ऐकू येतात : रचणाऱ्याचे अडखळते गाणे आणि गायकाचे तयार गाणे. या दोहोंमधल्या जागेतच 'स्टँडर्ड' जगते.

सगळेच प्रयोग साधले आहेत असे नाही. 'बिगिन द बिगीन' हे १९३५ सालचे गाणे चांगले १०८ मात्राखंडांचे आहे, एरवी अशी गाणी ३२ मध्ये आटपतात. ते एवढे लांबते कारण आठवण हळूहळू चढत जाते, आणि उजळ सुरावटीत शिरलेली सावली उशिरा कळते. शेरिल क्रोच्या गाण्यात चालच उदास, मायनर ढंगात नेली आहे. पहिल्या ओळीपासून दुःख आहे, मग चढायला काही उरत नाही. तिला पुष्कळांनी नावे ठेवली. मलाही ते पटत नाही. पण तिच्या चुकीने गाण्याचे काही बिघडले नाही. आर्टी शॉने १९३८ साली वाद्यवृंदावर वाजवलेले तेच गाणे आजही जागेवर आहे, कागदही जागेवर आहे.

नॅटली कोलने या चित्रपटात 'एव्हरी टाइम वी से गुडबाय' (१९४४) गायले. याच नॅटलीने १९९१ साली आपले दिवंगत वडील नॅट किंग कोल यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला जोडून युगलगीत केले होते. तिथे वडिलांचा आवाज जसाच्या तसा होता आणि मुलगी त्याच्या सावलीत उभी होती. पोर्टरचे गाणे गाताना मात्र ती कुणाच्या सावलीत नाही. एकाच गायिकेच्या कारकिर्दीत दोन्ही वाटा दिसतात.

मग आपल्याकडे काय? आपले चित्रपटगीत कागदावर जन्मले नाही, स्टुडिओत जन्मले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय संयोजकांनी बांधलेले वाद्यांचे तुकडेही आपण गाण्याबरोबर गुणगुणतो. आपल्यासाठी गाणे म्हणजे चाल, शब्द, आवाज आणि ते तुकडे, सगळे मिळून एक वस्तू. त्यातले काहीही हलले की आपल्याला गाणे मोडल्यासारखे वाटते. आपल्या १९५७ च्या कायद्यातही दोन वर्षांनंतर नव्याने ध्वनिमुद्रण करण्याची सवलत होती, २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती मुदत पाच वर्षांची झाली. पण कॅसेटच्या काळात त्या सवलतीचा उपयोग बहुधा मुळासारखेच वाटणारे स्वस्त गाणे काढायला झाला. वाट मोकळी होती, चाललो मात्र आपण हुबेहूबकडे.

तरी आपल्याकडे 'स्टँडर्ड' नाहीत असे नाही. नाट्यपद हे आपले स्टँडर्डच. बंदिश ठरलेली, तिचा विस्तार ज्याचा त्याचा. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात आनंद भाटे यांनी ती पदे गायली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'तली अभिषेकीबुवांची पदे २०१५ च्या चित्रपटात नव्या गळ्यांतून आली. खाँसाहेबांची पदे गाणारे राहुल देशपांडे हे तर मूळ खाँसाहेब वसंतरावांचे नातू. त्या वेळी कुणी 'मूळ रेकॉर्ड लावा' म्हणाले नाही. नाट्यपद वेगळे गायले जाऊ शकते, हे आमच्या सांगलीला कुणी शिकवायला नको.

म्हणजे ऐकण्याच्या दोन्ही तऱ्हा आपल्याजवळ आहेत. पदाला मोकळीक देतो, भावगीताला देत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची तबकडी ही एका दिवसाची, एका स्टुडिओतली घटना होती. ती जपलीच पाहिजे, मी तेच करत आले आहे. पण केवळ जपल्याने गाणे पुढच्या गळ्यात उतरत नाही. उद्या ती तबकडी ऐकणारे आम्ही नसू, तेव्हा ते गाणे कुणाला स्वतःचे वाटेल काय, हा खरा प्रश्न आहे. नवे गाणे चांगले की वाईट हे ठरवायला मी आता एकच गोष्ट पाहते : केलेला बदल शब्दांतून आणि प्रसंगातून निघाला आहे, की वरून चढवला आहे? क्रोचा मला वरून चढवलेला वाटतो, ग्रीनचा आतून आलेला.

त्या मुलीचा? घरी येऊन मी ती कविता काढून वाचली. ज्या शब्दावर ती थांबली, तिथे कवितेतली बाईसुद्धा थांबते. रेकॉर्डवर तो शब्द तालात वाहून जातो. चाळीस वर्षे ऐकूनही तो मला ऐकू आला नव्हता.

यंदाच्या दिवाळी पहाटेची पत्रिका आली आहे. तिचे नाव आहे. मी पहिल्या रांगेचे तिकीट काढले आहे, आणि या वेळी कुणी उठले तर मलाही उठून म्हणायचे आहे, "तुझं तू म्हण, बाळ. आम्ही ऐकतोय."