परसातील कोठाराची भिंत

दख्खनच्या कोरड्या भूमीत शेतकरी पूर्वी ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवीत असत. तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे ही युक्ती चालावयाची नाही. उत्तरेस कावेरी व दक्षिणेस अरसलार ह्या नद्यांच्या मध्ये हे नगर वसले आहे. भूमी गाळाची, त्यातच ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने. कुरुवै हंगामातील भात पुष्कळदा ह्याच सुमारास घरी येते. तेव्हा ते जमिनीच्या वर, चार भिंतींच्या आतच ठेवावयास हवे. पण ह्या भिंती कशाच्या असाव्यात?

भात हे जिवंत बीज होय. त्यातील पाण्याचे प्रमाण शेकडा १४ पेक्षा अधिक नसेल, तर ते काही महिने सुखरूप राहते. ते वाढले, की दाण्यांचे श्वसन वाढते, रास तापू लागते आणि तिला बुरशी चढते. म्हणजे भिंतीची खरी परीक्षा ओलाव्यापुढे होते.

नारळीच्या झावळ्यांचे कूड स्वस्त आणि हवेशीर असतात. परंतु त्यांना उंदरांचे भय आणि त्याहूनही अग्नीचे. १६ जुलै २००४ रोजी ह्याच नगरातील एका शाळेत झावळ्यांच्या छपराने पेट घेतला आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. ज्वालाग्राही वस्तू निवडण्याचे मोल किती भयंकर असू शकते, हे ह्या दुर्घटनेने दाखविले.

लोखंडी पत्रा जळत नाही व पाणीही शोषीत नाही. मात्र पोलाद विटेपेक्षा कितीतरी अधिक उष्णतावाहक असून पत्रा अगदी पातळ असतो. त्यामुळे तो दिवसा तापतो आणि रात्री झपाट्याने निवतो. आतील दमट हवा त्या थंड पृष्ठभागाला लागली, की बाष्पाचे दव बनते व ते पोत्यांवर ठिबकते. पाऊस बाहेर राहिला, तरी धान्य भिजते ते असे.

मातीची जाड भिंत ह्याच्या उलट वागते. ती सावकाश तापते व सावकाश निवते. हवेतील थोडे बाष्प शोषून घेते आणि पुढे परत करते. परंतु तळाशी पावसाचे शिंतोडे लागत राहिले, की ती विरघळू लागते. वाळवीही तिच्यातून वाट काढते.

भाजलेली वीट पाण्यात विरघळत नाही. तरीही तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तसे ही छिद्रे जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर चढवितात. ह्यावर उपाय म्हणजे जोते उंच करणे, जोत्याच्या माथ्यावर डांबराचा किंवा घट्ट सिमेंटचा ओलावारोधक थर देणे, बाहेरून गिलावा करणे आणि वळचण पुरेशी पुढे काढणे. पोती भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर रचावीत.

कुंभकोणम् आणि तंजावर ह्यांच्या दरम्यान, पापनाशम् जवळच्या तिरुप्पालैत्तुरै येथील मंदिरात नायक राजवटीतील विटांचे भव्य धान्यकोठार आहे. त्याची उंची सुमारे ३६ फूट असून ते शतकांनंतरही उभे आहे. एवढ्या पर्जन्याच्या प्रदेशात विटेची निवड किती योग्य होती, ह्याची ते साक्ष देते.

वीट पाणी कसे चढविते, हे विद्यार्थ्यांना सहज पाहता येईल. उथळ ताटात बोटभर पाणी घालावे, त्यात एक कोरडी वीट उभी करावी आणि ओलीची रेषा कोठवर चढते, हे तासातासाने खडूने खुणावे. त्या खुणा पाहिल्या, म्हणजे भिंत बांधताना प्रथम जोत्याकडे का पाहावे, हे निराळे सांगावे लागणार नाही.